एका खोक्यातली पिल्लं

वेणूबाईनं पिल्लांभोवती उभ्या केलेल्या पत्र्याच्या कड्यात हात घातला आणि बोट लागताच ते पिल्लू उठायचं सोडून आणखीच पसरलं. एक पाय इकडं, एक पाय तिकडं, मधे पोट कागदाला टेकलेलं. ट्रेलरखाली आलेला बेडूक दिसावा तसं. तिनं त्याला चिमटीत धरून उभं केलं. हात काढला तसे पाय पुन्हा दोन वाटांनी सरकले. चोच उघडी पडून ते धापत राहिलं.

"अवो, आनखी दोन गेली पायांनी," ती घराकडं तोंड करून म्हणाली.

नामा उंबऱ्यावर बसून चहा पीत होता. अंगात वॉचमनचा निळा शर्ट होता. बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटवर त्याची ड्युटी असायची. जिथं तो खुर्ची टाकून बसायचा, तिथं पूर्वी त्यांचंच भाताचं खाचर होतं. पण हे आता तोही बोलत नसे.

"जागृतीला इचार की. तिची कशी उऱ्या मारतान."

"तिला काय इचारायचा? तिच्या बापानं नेरूळला कोंबऱ्या पाल्ल्यात काय?"

"मंग नको इचारू," असं म्हणून नामानं कप उपडा घातला आणि चपला शोधायला लागला.

समोरच्या पडवीतून जागृतीच्या पिल्लांचा आवाज येत होता. बारीक, भरल्या पोटाचा, एकमेकांशी गप्पा मारल्यासारखा. वेणूबाईच्या कड्यातला आवाज मात्र वर चढलेला होता, न थांबणारा. तिच्या कानाला हा फरक सकाळपासून कळत होता.

अंगण एक, घरं दोन. थोरला नामा, त्याची बायको वेणूबाई. धाकटा रूपेश, त्याची जागृती. मधे तुळस आणि दोघींच्या धुण्याच्या दोऱ्या. गावाच्या तिन्ही अंगांनी टॉवर आले, खाडीकडची मिठागरं भरावाखाली गेली, तरी ह्या अंगणात कोंबड्या राहिल्या त्या वेणूबाईमुळं. तिची कोंबडी खुडूक बसली की गावातल्या बायका अंडी घेऊन यायच्या. "वेनू, तुज्या हातानं ठेव गो," म्हणायच्या. चैत्रातल्या जत्रेला गावदेवीच्या पालखीपुढं मानाचा कोंबडा निघायचा तोही तिच्याच अंगणातून. लाल तुऱ्याचा, पायाला हळद लावलेला. त्या दिवशी वेणूबाई नवी साडी नेसून पालखीच्या पुढं चालायची. अख्खं गाव मागं.

पण ह्या भादव्यात कोंबड्यांत मानमोडीची साथ आली आणि खुराडं रिकामं झालं. एकही खुडूक उरली नाही. मग वेणूबाईनंच ठरवलं की पौषात एक दिवसाची पिल्लं विकत आणायची आणि बल्बखाली वाढवायची. चैत्रापर्यंत कोंबडे तयार होतील. पिल्लांचं खोकं आलं तेव्हा जागृती पदर खोचत पुढं झाली होती.

"वैनी, मला पण थोडी द्याल? मी पैशे देते. बघू तरी जमतंय का."

नाही म्हणायचं तरी कसं? खोकं अंगणात उघडलं आणि दोघींनी निम्मीनिम्मी उचलली. एका खोक्यातली, एका दिवसाची. आणि आता चार दिवस झाले नाहीत तोवर एकीची चालायला लागली आणि एकीची बसायला.

तशातच सासूनं जागा बदलली. बायजाआयचे गुडघे गेलेले. थंडी पडली की ती वेणूबाईच्या चुलीपाशी पाय सोडून बसायची. हे वर्षानुवर्षांचं होतं. यंदा मात्र ती काठी टेकत टेकत अंगण ओलांडून जागृतीच्या पडवीत जायला लागली. जागृतीनं फ्रिजच्या मोठ्या खोक्यात पिल्लं ठेवली होती, त्याच्या कडेला म्हातारी पाट टाकून बसायची. पाय खोक्याला लावून.

"आये, चा ठेवलाय," वेणूबाई ओट्यावरून हाक मारायची.

"हितं जागृतीनं दिला बाय," तिकडून उत्तर यायचं. "हितं ऊब बरी हाय."

जागृतीची पोरगी दिशा म्हातारीच्या मांडीवर पिल्लू ठेवायची आणि दोघी हसायच्या. वेणूबाईला त्या हसण्याचा इतका राग यायचा की ती भांडी आपटून घासायची. मग वाटायचं, ऊब तर माझ्याकडंही आहे. जागृतीपेक्षा जास्त आहे. वेणूबाईनं तर दोनशेचा पिवळा बल्ब लावला होता, पिल्लांच्या डोक्यावर वीतभर. वारं लागू नये म्हणून वरून पोतंही टाकलं होतं. खाली कागद घातला होता. नामानं सॅम्पल फ्लॅटवरून आणलेली जाहिरातींची पानं, जाड, चकचकीत, वीसमजली इमारतींच्या चित्रांची. रोज नवी पानं. इतकी निगा आणखी कुणी ठेवली असती?

दुपारी ती उरणला गेली. बाजारात कोंबडीखाद्याचं दुकान विपुल चालवायचा. तरुण पोरगा, पण ऐकून घेणारा.

"पाय फाकतात? बोटं वळलीत का सरळ आहेत?"

"सरल हान. उभीच रहात नाय."

"खाली काय टाकलंय मावशी? कागद तर नाही ना? कागदावर घसरतात. कोवळे पाय, एकदा फाकले की फाकले."

वेणूबाई तोंड उघडणार, तेवढ्यात तिच्या शेजारी कुणीतरी कोंड्याची पिशवी काउंटरवर ठेवली. वळून बघते तर गावातलीच सरस्वती, कान देऊन उभी. हिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या गावाला माहीत.

"कागद? छे. भुसा हाय," वेणूबाई म्हणाली.

"आणि बल्ब? लई खाली असला तरी त्रास होतो. पिल्लं चोच उघडून कडेला पळतात का?"

"बल्ब बरोबर हाय. मना काय आज कोंबऱ्या नव्या नाय."

"मग व्हिटॅमिन कमी पडत असेल," विपुल म्हणाला आणि एक बाटली पुढं केली. "पाण्यातून द्या."

सरस्वती हसली. "आगो वेनू, तुज्या पन पिलांना अवशद लागतंय? मना वाटला तुजा हातच अवशद."

येताना बसमध्ये वेणूबाई ती बाटली मुठीत आवळून बसली होती. विपुलनं काय विचारलं ते तिला आठवत होतं; पण त्यावर सरस्वतीचं हसणं बसलं होतं, आणि त्या हसण्याखाली दुसरं काही तिच्या डोक्यात शिरत नव्हतं.

घरी पोचली तर गावकीचे आप्पा अंगणाच्या तोंडाशी उभे. जत्रेचं सगळं तेच बघायचे. वेणूबाईनं डोक्यावर पदर घेतला.

"काय गो वेनू, यंदा मानाचा कोंबरा होल ना?"

"होल की आप्पा. नाय व्हायला काय झाला?"

"नाय, म्हंजे तुजी खाली बसलीत म्हनं." आप्पांची नजर पडवीकडं गेली. "धाकटीकरची झ्याक हान, बायजा सांगत होती. कसाय, मान घरचा घरातच राहील. तिच्याकरनं गेला तरी एकच."

"एकच," वेणूबाई म्हणाली.

आयनं सांगितलं! परक्याला. संध्याकाळभर ती कड्यापाशी बसून होती. पाण्यात औषध घातलं तरी पिल्लं पाण्यापर्यंत जातील तर ना. धड होती ती पत्र्याला चिकटून गर्दी करत होती, एकमेकांच्या पाठीवर चढत होती, चकचकीत कागदावर पाय मारत होती. तिला वाटलं, थंडी वाजतेय म्हणूनच एकमेकांना चिकटतात. तिनं बल्ब आणखी चार बोटं खाली घेतला. आणि तिच्या मनात एक विचार आला, तो एकदा आला तो गेला नाही. खोकं उघडलं तेव्हा जागृतीचा हात आधी आत गेला होता. तिनं निवडून घेतली. चांगली चांगली उचलली आणि लुळी मला ठेवली. कसं कळलं नाही आपल्याला तेव्हाच?

दुसऱ्या दिवशी मागच्या आळीत हळदीकुंकू होतं. जागृती साडी नेसून, गजरा माळून, दिशाला हाताला धरून निघाली.

"वैनी, चला ना."

"माजा डोका दुखतंय. तू जा."

अंगण रिकामं झालं. वेणूबाईनं आपल्या कड्यातली चार लुळी पिल्लं पदरात घेतली. अगदी हलकी होती, भिजल्या कापसासारखी. पडवीत आय पाटावर भिंतीला टेकून झोपलेली, तोंड किंचित उघडं, पाय खोक्याला लावलेले. वेणूबाई अलगद वाकली. आत हात घातला तेव्हा तळाला गोणपाट लागलं, त्यावर पसरलेला भाताचा तूस. बल्ब साखळीला, चांगला हातभर वर. कडेला जागृतीनं वाशीहून आणलेला छोटा थर्मामीटर दोऱ्यानं बांधलेला. पिल्लं कुठं गर्दी करून नव्हती. काही बल्बखाली, काही कोपऱ्यात, काही दाणे टिपत. हे सगळं तिच्या हाताला कळलं, डोळ्यांना दिसलं. पण ती आली होती दुसऱ्याच कामाला. तिनं चार तेजदार पिल्लं उचलली, आपली चार आत सोडली. त्यातल्या एकाच्या डोळ्यावर काजळ ओढल्यासारखी काळी रेघ होती. ते पसरलं आणि तिच्याकडं बघत राहिलं.

स्वतःच्या कड्यात ती चार उड्या मारताना बघून तिला पहिल्यांदा बरं वाटलं. जे आपलं होतं ते परत आणलं, बस्स. चोरी कसली त्यात?

त्याच दिवशी दिवे लागायच्या वेळी जागृती आली. हळदीकुंकवाची साडी अजून अंगावर होती. ओंजळीत पिल्लू, काळ्या रेघेचं.

"वैनी, बघा ना हो. माझी चार बसली एकदम. दुपारपर्यंत चांगली होती. मला तर इतकं टेन्शन आलंय. तुमाला कळेल म्हणून आले. काय करू?"

तिचे डोळे खरंच भरले होते. वेणूबाईच्या जिवाला किती गार वाटलं म्हणून सांगावं! चार दिवसांत पहिल्यांदा कुणी तिला काही विचारत होतं. आणि त्याच वेळी तिला ओंजळीतल्या पिल्लाकडं बघवत नव्हतं.

"मारून टाक," ती म्हणाली.

"अं?"

"पाय गेलेला पिलू जगत नाय. दुसऱ्यांना पन लागल. मुंडी मुरगल आनि खारीत टाकून दे."

जागृतीनं ओंजळ मागं घेतली. मग पिल्लू छातीशी धरून गेली. थोड्या वेळानं पडवीतून आयचा आवाज आला. "मारू नको गो. चिंधी आन. पाय बांधून बगू." मग दोघींचं कुजबुजणं, कात्रीचा आवाज. वेणूबाईनं दार लोटून घेतलं.

पुढं झालं ते असं. आणलेली चार तेजदार पिल्लं दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या कडेला जाऊन चोच उघडून उभी राहिली. तिसऱ्या दिवशी त्यातलं एक घसरायला लागलं. चौथ्या दिवशी सकाळी वेणूबाईनं पोतं बाजूला केलं, तर त्या चारांतली तीन बाकीच्यांसारखीच पसरलेली होती, आणि चौथं बल्बखाली मेलेलं. तिनं ते उचललं. कडक झालं होतं, आणि गरम. अंगाची ऊब नव्हे. पत्रा तापावा तसं गरम. तिनं हात बल्बखाली धरला. दहा आकडे मोजायच्या आत काढून घ्यावा लागला.



अंगणात दिशा ओरडत होती. "आजी, बघ बघ, चालतंय!" वेणूबाईनं मान वर केली. कोवळ्या उन्हात, तुळशीपाशी गोणपाट पसरून जागृतीनं चार पिल्लं सोडली होती. प्रत्येकाच्या दोन पायांत चिंधीची बारीक पट्टी, बोटभर अंतर राखून बांधलेली, म्हणजे पाय फाकू नयेत. लहान पोरं पोत्यात पाय घालून शर्यत खेळतात तशी ती ठुमकत होती. काळ्या रेघेचं तर पुढं होतं. पडलं, उठलं, पुन्हा चाललं.

म्हणजे पिल्लांत खोट नव्हती. तिची तिकडं गेली ती उठली. जागृतीची इकडं आली ती बसली. आता दोष टाकायला कुणीच उरलं नव्हतं. आपल्या हातानं अदलाबदल करून तिनंच कुणाला उरवलं नव्हतं. जागृतीनं निवडून घेतली असं निदान म्हणता तरी येत होतं. आता तेही गेलं. ती कितीतरी वेळ कड्यापाशी बसून राहिली. मोबदल्यात मिळालं काय, तर हातातलं गरम मेलेलं पिल्लू. नामा ड्युटीवर निघताना म्हणाला, "काय झाला?" तिनं मेलेलं पिल्लू पदराआड केलं.

उरलेली सगळी मरतील आणि जत्रेत मी मागं चालेन, असं तिनं मनाशी म्हणून बघितलं. चालवून घेता येईल का, तेही बघितलं. पण कड्यातला तो चिरका आवाज थांबत नव्हता. तो तिला कळत होता. आयुष्यभर कोंबड्यांचा आवाज कळण्यावरच तर तिचा मान होता.

तिनं टोपलीत पिल्लं भरली, धड होती ती आणि लुळी ती, सगळी. आणि भर उन्हात अंगण ओलांडलं. समोरच्या गच्चीवर सरस्वती पापड वाळत घालत होती. बघायचं तर बघू दे.

टोपली तिनं जागृतीपुढं ठेवली. "ही हितं ठेव," ती म्हणाली. एवढंच जमलं.

जागृती बघतच राहिली. पाटावरून आय बोलली. डोळे तिचे मिटलेलेच होते.

"त्या दिवशी चार आनलीस आनि चार नेलीस. आज सगलीच आनलीस काय गो वेनू?"

वेणूबाईची कानशिलं तापली. जागृतीनं टोपलीकडं बघितलं, मग अंगणातल्या पट्टीवाल्या चार पिल्लांकडं, मग वेणूबाईकडं. तिला कळत गेलं तसा तिचा चेहरा बदलत गेला.

"आये, तुम्हाला माहीत होतं?"

"मी झोपते कवा? गुरघं झोपू देतान?"

"मग बोलला का नाही?"

"बोल्ले असते तं ही टोपली घेऊन आली असती काय?"

जागृती वेणूबाईकडं वळली. आवाज चढवला नाही तिनं; चढवला असता तर बरं झालं असतं.

"मी तुमाला विचारायला आले होते, वैनी. रडत आले होते. तुमी म्हणालात, मुंडी मुरगळ. तुमचीच होती ती. तुमच्याच पिल्लांना मारून टाक म्हणालात, फक्त अदलाबदल मला कळू नये म्हणून?"

वेणूबाईनं खाली बघितलं. "तुजा चांगला चाललेला बगवला नाय मना," ती म्हणाली. "आय हितं येऊन बसली, ता बी बगवला नाय."

हे तोंडातून निघाल्यावर तिची तिलाच लाज वाटली. पन्नाशीला आलेली बाई, आणि बोलणं शाळेतल्या पोरीचं.

जागृती उठली. वेणूबाईला वाटलं, टोपली उचलून अंगणात ठेवते आता. पण तिनं खोक्यात मधोमध पुठ्ठा उभा केला, एका बाजूला तूस पसरला आणि बल्बची साखळी एक कडी वर घेतली.

"गरमी जास्त झाली की ती कडेला पळतात," ती तुटकपणे म्हणाली. "तुमच्या कडेला तो गुळगुळीत कागद. मग घसरतात. आमच्याकडं आयेच्या पायांना चटका बसला की मी बल्ब वर घेते, पाय गार पडले की खाली. थर्मामीटर नंतर आणला. बसा. पट्ट्या कापा."

वेणूबाई बसली.

"एक सांगते," जागृती कात्री पुढं करत म्हणाली. "यंदा मानाचा कोंबडा माझ्याकडनं जाणार. पालखीपुढं मी चालणार. आप्पांना तुमीच सांगायचं."

वेणूबाईच्या डोळ्यांपुढं जत्रा आली. ती नवी साडी, हळद लावलेले कोंबड्याचे पाय, मागं अख्खं गाव. तिनं आयकडं बघितलं. दोघींच्या मधे पाय सोडून बसली होती ती, आणि कुणाचीही बाजू घ्यायचा तिचा विचार दिसत नव्हता.

"सांगन," वेणूबाई म्हणाली. कात्री घेतली.

तिची बोटं जाड, भेगाळलेली. पट्टी कधी सैल पडायची, कधी घट्ट बसायची. घट्ट झाली की पिल्लाचा पाय निळा पडायला लागे, मग सोडून पुन्हा बांधायची. जागृती भराभर बांधत होती. तिच्या झालेल्या पिल्लांचा घोळका वाढत होता आणि वेणूबाईच्या पुढं मोजून तीन. वेणूबाई चोरून बघत होती, किती झाली हिची, आणि हात घाईला आणत होती. दिशानं एकेका पिल्लाला चोच बुडवून पाणी पाजलं. ऊन चढलं, उतरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेणूबाई चहाही न घेता पडवीत गेली. आय आणि जागृती आधीच खोक्यावर वाकलेल्या. नव्या बांधलेल्यांतलं एक पिल्लू पायांवर उभं होतं. डुलत होतं, मान ताठ धरून, पण उभं होतं.

"मी बांधलेला हाय तो," वेणूबाई लगेच म्हणाली.

"कशावरनं?" जागृतीनं मान वर न करता विचारलं. "आता तर सगळी सारखीच बांधलीत."

"गाठ बग ना. तुजी गाठ अशी बसत नाय."

जागृतीनं वाकून गाठ बघितली. तिचे ओठ आवळले गेले, आणि ते वेणूबाईच्या नजरेतून सुटलं नाही. तिला फार बरं वाटलं. तिनं पाट ओढला, आयच्या शेजारी मांडला आणि पाय खोक्याला लावून बसली.

"चा कर गो," ती जागृतीला म्हणाली.